भूशिराचा कातळ कसा वाचायचा: हरिहरेश्वर, एक ओहोटी आणि दहा मीटर नळी

शाळेच्या पुस्तकात समुद्राचं खननकार्य चार चित्रांत उरकलेलं असतं. भूशिराला गुहा पडते, दोन्ही बाजूंच्या गुहा मिळून कमान होते, कमानीचं छत कोसळून स्तंभ उरतो, स्तंभ झिजून बुंधा. ही चित्रं डोक्यात घेऊन कोकणात आलेला माणूस दिवसभर कमान शोधतो आणि पायाखाली असलेलं सगळं तुडवून परत जातो. आपल्या किनाऱ्यावर कमानी आणि उभे स्तंभ मोजकेच. खाचा, मंच (समुद्राने कापलेला सपाट कातळ), घळी, रांजणखळगे आणि खाऱ्या हवेने पडलेली जाळी मात्र इथे हवी तेवढी आहे.

ते वाचायचा क्रम ठरलेला असावा: आधी भेगा, मग पाण्याची पातळी, आकारांची नावं सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात आणि म्हणून चुकतात.

उदाहरणादाखल रायगड जिल्ह्यातलं हरिहरेश्वर घेऊ. सावित्री नदी बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते, त्या मुखाच्या उत्तरेला हे भूशिर आहे. देवळापासून निघणारी प्रदक्षिणेची वाट डोंगराच्या अरुंद खिंडीतून पायऱ्यांनी थेट समुद्राकाठच्या कातळावर उतरते आणि ओहोटी असेल तरच पुढे जाता येतं. वाट धार्मिक आहे, पण भूगोल शिकायला याहून सोयीची वाट कोकणात शोधावी लागेल. पद्धत एकदा हातात बसली की मुरूड, वेळणेश्वर, देवगड किंवा मुंबईत वांद्र्याचा बँडस्टँड, कुठेही चालते.

दिवस आणि वेळ

निम्मं काम इथेच जिंकता किंवा हरता येतं. कोळी आणि किनाऱ्यावरचे लोक वापरतात तो हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. भरतीपासून ओहोटी साधारण सहा तास बारा मिनिटांवर. हा हिशोब मुंबईच्या आसपास लागू पडतो आणि त्यातही अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे रत्नागिरी, मालवण, गोवा इथे ती मुंबईच्या आधी येते. दिवस ठरवायला तिथी पुरते, पण मिनिटं ठरवायला भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते किंवा त्यांवर आधारलेलं ॲप बघा.

या हिशोबातून एक गोष्ट बाहेर पडते, ती नीट लक्षात घ्या. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी भर दुपारी बारा वाजता. सहलीला ही वेळ फार सोयीची वाटते आणि शाळा-कॉलेजांच्या सहली हमखास याच दिवशी निघतात. पण अष्टमी म्हणजे भांगाचे दिवस. पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. मुंबईच्या तक्त्यात उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येजवळची, सरासरी ओहोटी भांगाच्या ओहोटीपेक्षा एक मीटरहून अधिक खाली जाते. मंचाचा उतार तीस मीटरला एक मीटर असेल, तर भांगाच्या दिवशी तीस मीटर रुंदीचा कातळ पाण्याखालीच राहिला.

पौर्णिमा-अमावास्येची ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, म्हणजे उजेड नाही किंवा तो संपत आलेला. मधला मार्ग म्हणजे द्वितीया-तृतीया. तृतीयेला भरती दुपारी सव्वादोनच्या आसपास, ओहोटी सकाळी आठला. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस टिकतो, तेव्हा पाणीही भरपूर उतरलेलं असतं आणि सकाळचं तिरकं ऊन कातळावरची प्रत्येक खोबण उठवून दाखवतं. महिने नोव्हेंबर ते मार्च. जून ते सप्टेंबर खाली उतरायचंच नाही. खरं खोदकाम त्याच चार महिन्यांत चालतं, पण ते डोंगरावरून बघावं.

पिशवीत काय हवं

दहा मीटर लांबीची पारदर्शक प्लास्टिक नळी, आतून आठ-दहा मिलिमीटर. गवंडी लोक पातळी काढायला वापरतात तीच. दोन सरळ काठ्या, दीड ते दोन मीटरच्या, त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा. तीस मीटरचा टेप, होकायंत्र, दहापट मोठं दाखवणारं भिंग, वही, पेन्सिल (ओल्या हातात पेन दगा देतं) आणि जाड तळव्याचे बूट. रबरी चपला नकोत. खडपावर चिकटलेली बार्नकलची पांढरी टोकदार कवचं आणि कालवांच्या फुटक्या शिंपा तळवा चिरतात, आणि हिरवं शेवाळ साबणासारखं निसरडं असतं. काळसर सुका कातळ भरवशाचा, हिरवा ओला नाही.

हातोडा घरी ठेवा. जाळीदार नक्षी एकदा फोडली की परत येत नाही, आणि पाहायचं ते सगळं भिंगाने दिसतं.

उतरण्याआधी: वरून वीस मिनिटं

खाली जायची घाई करू नका. उंचावर उभं राहून आधी लाटांच्या रेषा बघा. उघड्या समुद्रावर त्या जवळजवळ सरळ असतात. भूशिराजवळ आल्या की वाकतात आणि टोकाला दोन्ही बाजूंनी मिठी मारल्यासारख्या वळतात. कारण साधं आहे: लाट उथळ पाण्यात मंदावते, भूशिरासमोरचा तळ आधी उथळ होतो, त्यामुळे लाटेचा तेवढा भाग मागे पडतो आणि बाजूचे भाग पुढे सरकून आत वळतात. जी ताकद लांब रेषेवर पसरलेली होती ती टोकावर गोळा होते. शेजारच्या उपसागरात नेमकं उलट, रेषा फाकते आणि जोर ओसरतो. म्हणून टोकाला उघडा कातळ आणि बाजूला पुळण.

वहीत भूशिराचा कच्चा नकाशा काढा आणि लाटा कुठे सर्वांत पांढऱ्या फुटतात तिथे फुल्या मारा. नंतर खाली जाल तेव्हा सर्वांत खोल घळी त्या फुल्यांजवळ आहेत का, ते ताडता येईल. बऱ्याचदा असतात. नसतील तर खडकात काहीतरी वेगळं आहे, आणि ते शोधण्यासारखं असतं.

याच वीस मिनिटांत सर्वांत मोठी लाट कुठवर चढते तेही टिपा. लाटा सारख्या येत नाहीत, काही मिनिटांनी मोठ्या लाटांचा एक गट येतो. पाच मिनिटं बघून "समुद्र शांत आहे" म्हणणाऱ्याला हा गट दिसलेलाच नसतो. हरिहरेश्वरच्या वाटेवर माणसं वाहून गेली आहेत. तिथला धोक्याचा फलक शोभेचा नाही.

परतीची वेळही इथेच ठरवा. भरती सुरू झाली की पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांत चढायच्या उंचीचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. समजा फरक तीन मीटरचा आहे. पहिल्या तासात पाणी फक्त २५ सेंटिमीटर चढेल आणि तुम्ही निवांत राहाल. दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात तब्बल ७५. माणसं अडकतात ती या तिसऱ्या तासात. म्हणून ओहोटीच्या दोन तास आधी उतरा आणि ओहोटीनंतर तासाभरात कातळावरून बाहेर पडा. एकूण तीन तास, ते पुरतात.

आधी भेगा

पायाखालचा दगड काळा बेसॉल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेला लाव्हा. दिसायला एकसंध वाटला तरी तो तसा नाही. लाव्हा थंड होताना आकसला आणि उभ्या भेगा पडल्या. पुढे जमीन वाकली-ताणली गेली तेव्हा आणखी पडल्या. समुद्र याच भेगांवर काम करतो.

दोन मीटरपेक्षा लांब अशा वीस भेगा निवडा आणि प्रत्येकीची दिशा होकायंत्राने मोजून ० ते १८० अंशांत लिहा. दहा-दहा अंशांचे गट करा. एक-दोन गटांत गर्दी दिसेल, त्या त्या कातळाच्या मुख्य दिशा. एक सावधगिरी घ्यावी लागते. बेसॉल्टमध्ये चुंबकीय खनिज असतं आणि होकायंत्र दगडावर टेकवलं तर सुई सरकू शकते. ते छातीच्या उंचीवर धरा, भेगेच्या रेषेत उभे राहा आणि दोन्ही टोकांकडून मोजा. दोन आकड्यांत बरोबर १८० चा फरक आला नाही तर मोजणी टाकून द्या. मोबाइलमधलं होकायंत्र वापरत असाल तर चुंबक असलेलं कव्हर आधी काढा.

आता घळी, चिंचोळी पाण्याची डबकी आणि गुहांची तोंडं कोणत्या दिशेला आहेत ते मोजा आणि दोन याद्या शेजारी ठेवा. त्या जुळल्या की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. लाट भेगेवर आदळते तेव्हा आत अडकलेली हवा दाबली जाते, लाट मागे हटताच ती झटक्यात फुगते. भरती चढताना मोठ्या फटीजवळ ऐकू येणारा "ढप्प" आवाज याच हवेचा. हा दाब-सैल, दाब-सैल खेळ दिवसभरात हजारो वेळा चालतो आणि भेगांनी वेढलेला ठोकळा हळूहळू सुटतो. एकदा ठोकळा निघाला की लाटेला आत शिरायला तोंड मिळतं आणि सुटलेला दगडच पुढच्या कामाचं हत्यार होतो.

दिशा जुळल्या नाहीत तर आडव्या रेषा शोधा. प्रत्येक लाव्हाथराचा माथा बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो. त्या छिद्रांत बहुधा झिओलाइट नावाची पांढरी खनिजं किंवा गारगोटी भरलेली दिसते. दोन थरांच्या मध्ये कधी विटेसारखा तांबडा, नखाने खरवडता येईल असा मऊ पट्टा असतो. एक थर थंड होऊन त्याची माती होऊ लागली आणि मग त्यावर पुढचा लाव्हा पसरला, त्याची ही खूण. असा पट्टा भरतीच्या पातळीत आला की समुद्र त्याला पोखरतो आणि वरचा कठीण थर छतासारखा लटकत राहतो. भेगेतून झालेली घळ उभी आणि अरुंद, पट्ट्यातून झालेली कपार रुंद आणि बुटकी. लांबूनही हा फरक ओळखू येतो.

मध्येच भिंतीसारखी सरळ पट्टी आडवी गेलेली दिसली तर ती डाइक असू शकते, जुन्या खडकाची फट फोडून वर आलेला आणि तिथेच गोठलेला लाव्हा. डाइक आजूबाजूपेक्षा कठीण असेल तर भिंत होऊन उभी राहते, स्वतःच्या बारीक आडव्या भेगांनी ठिसूळ असेल तर तिच्या जागी सरळ चर पडतो.

मंच मोजणं

पायाखालचा सपाट कातळ म्हणजे तरंगघर्षित मंच. "समुद्राने किसून सपाट केला" हे अर्धं खरं आहे. हात फिरवून बघा. गुळगुळीत, चकाकी आलेला पृष्ठ म्हणजे वाळू-गोट्यांनी घासलेला. खरबरीत, कोपरेदार खोबणी म्हणजे तिथून ठोकळा उखडलेला. बेसॉल्टच्या मंचावर उखडलेला भाग बहुधा जास्त निघतो आणि गुळगुळीत भाग गोटे साठतात तिथेच, म्हणजे घळींच्या तळाशी आणि कड्याच्या पायथ्याला.

आता नळी काढा. ती पाण्याने भरा, कपड्यांच्या निळीचे दोन थेंब टाका म्हणजे पातळी नीट दिसते, आणि आत एकही बुडबुडा ठेवू नका. बुडबुडा राहिला की दहा-पंधरा सेंटिमीटरची चूक सहज होते आणि कळतही नाही. तपासायला दोन्ही टोकं एकत्र धरा, पाणी एका पातळीत उभं राहिलं पाहिजे. मग एकाने समुद्राच्या बाजूला काठी कातळावर उभी धरून नळीचं टोक तिला लावायचं, दुसऱ्याने पाच मीटर आत तसंच. दोन्हीकडे पाण्याची उंची वाचा. पहिलीतून दुसरी वजा केली की कातळ किती चढला ते मिळतं. पहिल्या काठीवर ९४ आणि दुसरीवर ७८ असेल तर पाच मीटरमध्ये १६ सेंटिमीटर चढ. असं करत कड्याच्या पायथ्यापर्यंत जा. दोघांना चाळीस मीटरला अर्धा तास लागतो.

ही उंची भरती-ओहोटीच्या तक्त्याला जोडायची असेल तर सुरुवात समुद्राच्या पाण्यापासून करा, पण उघड्या लाटांत नाही. समुद्राशी जोडलेल्या एखाद्या आडोशाच्या डबक्यात पाणी कमी हलतं, तिथली पातळी घ्या आणि घड्याळ बघा. समजा तक्त्यात त्या वेळी ०.६ मीटर आहे आणि मंचाची आतली कड पाण्यापासून २.१ मीटर वर आली. मग ती कड तक्त्याच्या शून्यापासून २.७ मीटरवर. त्याच दिवशीची भरती ३.६ असेल तर दुपारी त्या कडेवर ९० सेंटिमीटर पाणी असेल. म्हणजे मंच आजही कामावर आहे.

या आकड्यात २०-३० सेंटिमीटरची सूट ठेवा. तक्ता जवळच्या प्रमुख बंदराचा असतो, तुमच्या कातळाचा नसतो. शिवाय वारा पाणी किनाऱ्याकडे रेटतो आणि हवेचा दाब एक मिलिबारने कमी झाला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं.

खाच: आजची की जुनी

कड्याच्या पायथ्याला आडवी कोरलेली खाच दिसते. सगळ्यांत जास्त चुकीचे निष्कर्ष हिच्यावरून काढले जातात. उंचावर एक कोरडी खाच दिसली की "पूर्वी समुद्र इथवर होता" असं लिहून मोकळं व्हायचं. आधी जीव बघा. खालून वर गेलं की शेवाळ, मग कालवं आणि बार्नकल, मग बारीक गोगलगायी आणि शेवटी कातळावर काळा पातळ पापुद्रा असे पट्टे असतात. खाचेत जिवंत बार्नकल चिकटलेले असतील तर ती आजची. वर काळा पापुद्रा असेल तर निदान तुषार तिथवर पोचतात. धूळ, कोरडी दगडफूल आणि जमिनीवरचं गवत दिसलं तरच जुन्या समुद्राचा विचार करा. तेव्हाही पावसाळा विसरू नका. जुलैत खुल्या समुद्रावर तीन मीटरहून उंच लाटा सहज असतात, आणि उधाणाच्या भरतीत त्या कड्यावर फुटल्या की पाणी कितीतरी वर उडतं. हिवाळ्यात कोरडी दिसणारी खाच जुलैत भिजत असू शकते.

मग जुना समुद्र हा सगळा भ्रम का? तसंही नाही. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या शिखरावर, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. हे भूशिर तेव्हा समुद्रापासून खूप दूर, नुसतं टेकाड होतं. पाणी चढत आजच्या पातळीजवळ आलं ते जेमतेम सहा-सात हजार वर्षांपूर्वी. इतक्या काळात कठीण बेसॉल्टमध्ये एवढे रुंद मंच कापले गेले असतील का, हा रास्त प्रश्न आहे. त्याआधीही, सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी, समुद्र आजच्या पातळीला किंवा थोडा वर होता. रुंद मंचाचा काही भाग तेव्हाचा असू शकतो आणि आजचा समुद्र जुनंच काम पुढे नेत असेल. म्हणून एका खाचेवर हवाला ठेवू नका. त्याच उंचीची खाच, त्याच उंचीचा मंचाचा तुकडा आणि शक्य तर गोलसर गोट्यांचा चिकटून घट्ट झालेला थर, हे तिन्ही भूशिराच्या दोन बाजूंना सापडले, तर बोलायला जागा आहे.

रांजणखळगे आणि जाळी

रांजणखळगा गोल असतो, आतून गुळगुळीत असतो आणि तळाशी गोटे असतात. तीनही खुणा हव्यात. चौकोनी किंवा लांबट डबकं म्हणजे भेगांच्या छेदावरून ठोकळा निघालेली जागा. त्यात गोटे अडकले आणि लाटांनी फिरू लागले की कोपरे झिजून पुढे त्याचाच रांजणखळगा होतो, त्यामुळे अर्धवट आकारही दिसतात. सर्वांत मौजेचे तेच. आणि देवस्थानाजवळ माणसाने कोरलेले खड्डेही असतात. छिन्नीच्या समांतर खुणा दिसल्या की समुद्राला श्रेय देऊ नका.

कड्याच्या अंगावरची मधाच्या पोळ्यासारखी जाळी हे हरिहरेश्वरचं खास आकर्षण. फोटोखाली सर्रास "लाटांनी कोरलेली नक्षी" असं लिहिलेलं असतं. लाट तिथे पोचत असती तर त्या पातळ भिंती राहिल्याच नसत्या. उडालेलं खारं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं, उन्हाने सुकतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण सुटे करतात. एक खळगा पडला की त्यात ओल जास्त टिकते, म्हणून तोच आणखी खोल जातो. भिंगाने खळग्याच्या आत बघा, सुटलेले कण आणि कधी पांढरी पूड दिसते. जाळीची खालची सीमा किती उंचीवर आहे ते नळीने मोजा. नेहमीच्या लाटांची वरची मर्यादा त्याखाली असणार.

घळ बघायला हेदवी

एकच भेग किती लांब जाऊ शकते ते बघायचं तर गुहागर तालुक्यात हेदवीच्या किनाऱ्यावर उमामहेश्वराच्या देवळाजवळ बामणघळ आहे. कातळाला पडलेली खोल, चिंचोळी चीर. भरती चढताना लाट तोंडातून शिरते, बाजूच्या भिंती तिला पसरू देत नाहीत, आणि शेवटाला पाणी वर उसळतं. गुहेच्या छताला भोक पडून पाणी उडतं तो प्रकार वेगळा. इथे वर छतच नाही. भरतीच्या आधीचे दोन तास बघायला उत्तम, पण कडेपासून लांब उभं राहून. ओली कड म्हणजे पाणी तिथवर येऊन गेलेलं आहे, हा एकच नियम पाळला तरी पुरे.

कमानी का कमी

कमान टिकायला छत एकसंध लागतं. जाड थराचा चुनखडक किंवा वालुकाश्म असेल तर ते मिळतं. आपल्या बेसॉल्टमध्ये आडव्या थरांना उभ्या भेगा थोड्या-थोड्या अंतरावर छेदतात, त्यामुळे गुहा रुंदावली की छत ठोकळ्या-ठोकळ्यांनी खाली येतं आणि कमान होण्याआधीच उघडी घळ होते. म्हणून पुस्तकातला क्रम इथे बहुधा गुहा, घळ, सुटा खडक असा वाचावा. जिथे कमानी होतात तिथेही त्या फार टिकत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या "लंडन ब्रिज" या चुनखडकाच्या दुहेरी कमानीचा किनाऱ्याकडचा भाग १५ जानेवारी १९९० ला पडला आणि दोन पर्यटक समुद्राकडच्या तुकड्यावर अडकले. त्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. माल्टामधली "अझुर विंडो" ८ मार्च २०१७ च्या वादळात नाहीशी झाली.

जांभ्याचा किनारा वेगळा वाचायचा

रत्नागिरीपासून दक्षिणेला आणि गोव्यात वागातोर, हणजुणे या भागांत कड्यावर जांभा येतो आणि वरचे नियम बदलतात. सड्याचा (जांभ्याच्या सपाट पठाराचा) वरचा कवचासारखा थर कठीण, त्याखाली मऊ जांभा आणि तळाशी शेडी, म्हणजे मऊ चिकण माती. समुद्र खालचं उपसतो, पावसाचं पाणी वरून झिरपून शेडी आणखी सैल करतं, आणि कवच मोठमोठ्या धोंड्यांनी कोसळतं. पायथ्याचा धोंड्यांचा ढीग लाटांचा मारा काही वर्षं अडवतो; तो फुटून वाहून गेला की पुन्हा तेच. कोसळणं बऱ्याचदा पावसाळ्यात होतं, म्हणून त्याचं सगळं खापर लाटांवर फोडू नका. जांभ्यातली नळीसारखी भोकं आणि पोकळ्याही समुद्राने पाडलेल्या नसतात, त्या दगडाच्या घडणीतच असतात.

इथे कडेवर उभं राहण्याआधी दहा-पंधरा पावलं मागूनच जमीन तपासा. कडेला समांतर तडा, त्यात साठलेला पालापाचोळा किंवा एका बाजूने किंचित खचलेली माती दिसली तर त्या तड्याच्या पलीकडे जायचं नाही. कडेवरून खाली धोंड्यांचे ताजे, आतून लालभडक-पिवळे तुकडे दिसत असतील तर तिथे नुकतंच काही पडलेलं आहे.

पुन्हा यायचं असेल तर

झीज डोळ्यांना एका भेटीत दिसत नाही. मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये त्याच जागेवरून, त्याच लेन्सने, ओहोटीच्या त्याच उंचीला फोटो घ्या. कातळावर रंग लावू नका, खिळे ठोकू नका. न हलणाऱ्या दोन खुणा एका रेषेत आणल्या की उभं राहायची जागा सापडते, जसं देवळाचा कळस आणि एखादा ठरावीक सुळका. चौकटीत मोजकाठी ठेवा. घरी दोन फोटो शेजारी लावून आधी रंग शोधा: जुना पृष्ठ तपकिरी किंवा काळपट, ठोकळा नुकता निघालेली जागा फिकट करडी आणि धारदार. अशी प्रत्येक जागा वहीतल्या नकाशावर मांडा आणि ती कोणत्या भेगेवर पडते ते बघा. गोट्यांचे ढीग दर वर्षी जागा बदलतात, त्यांना झीज समजून मोजू नका.